लग्न झालेलं नाही, ती बाळ दत्तक द्यायचं म्हणते. माझी सही लागते का?

अंबडचा_ऑपरेटर:
नमस्कार. वय 27, अंबड एमआयडीसीत व्हीएमसी मशीनवर आहे. ती 24 ची. दीड वर्ष पाथर्डी फाट्याला एका खोलीत राहिलो, घरमालकिणीला नवरा-बायको सांगितलं होतं. दोघांची जात वेगळी, त्यामुळे घरी कुणालाच माहीत नव्हतं.

आता सातवा महिना चालू आहे. तिनं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी "पाडून टाक" म्हणालो. लपवत नाही, म्हणालो. ती दोन दिवस बोलली नाही, मग बॅग भरून मनमाडला मावशीकडे गेली. नंतर मी दहा वेळा फोन केले असतील. भावानं एकदाच उचलला. म्हणाला, मूल झालं की संस्थेत देणार, तुझा काही संबंध नाही.

आई निफाडला असते, द्राक्षाच्या बागेत कामाला जाते. तिला मागच्या रविवारी सगळं सांगितलं. आधी रडली, मग म्हणाली, घेऊन ये, मी सांभाळते. दवाखान्याच्या फायलीवर पती म्हणून माझंच नाव आहे. मला न विचारता बाळ देता येतं का?

गोदाकाठ:
भो, एवढं काय त्यात, मनमाडला जा आणि लग्न करून मोकळा हो.

नाशिकरोड_वकील:
वरचा सल्ला ऐकू नका. तिला लग्न करायचं असेल तर ती सांगेल. घोळक्यानं तिच्या दारात गेलात तर उद्या तुमच्यावरच तक्रार होईल, मग ताबा बाजूलाच राहिला.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर कडू आहे: सही लागत नाही. 2022 च्या दत्तक नियमावलीप्रमाणे मूल नवरा-बायकोचं असेल तर दोघांच्या सह्या, लग्नाबाहेरचं असेल तर एकटी आईच ते सुपूर्द करू शकते. हिंदू असाल तर 1956 च्या पालकत्व कायद्यातही अशा मुलाची पालक आधी आई, तिच्यानंतर बाप. 2015 मध्ये सुप्रीम कोर्टानं अविवाहित आईला पालक नेमताना बापाला नोटीसही लागत नाही असं म्हटलं. फायलीवर 'पती' लिहिल्यानं कुणी पती होत नाही.

पण संस्थेत द्यायचं म्हणजे आधी जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे जावं लागतं. बाळंतपण मनमाडलाच झालं तर समिती नाशिकचीच. तिथे समुपदेशन होतं, सुपूर्दनाम्यावर सही होते आणि पुढे दोन महिने फेरविचाराला मिळतात. तेवढाच वेळ तुमच्याही हातात असतो. समितीकडे लेखी अर्ज द्या: मी बाप आहे, डीएनए चाचणीला तयार आहे, मूल सांभाळायची तयारी आहे. शिक्का मारलेली पोच घ्या. सोबत 1890 च्या पालक व पाल्य कायद्याखाली कोर्टात अर्ज. तिथे बघतात ते मुलाचं हित: पगार, घर, आईची साथ.

केरळ हायकोर्टानं 2021 मध्ये म्हटलं की एकत्र राहणाऱ्या जोडप्याचं मूल सुपूर्द करण्यापुरतं विवाहितांचंच धरायचं. तिथलं मूल दत्तक गेलेलं होतं, तरी ते दत्तकासाठी मोकळं असल्याचा दाखला रद्द झाला. निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही, आणि तिथे आईसुद्धा मूल परत मागत होती. तुमच्याकडे ती बाजू नाही. तरी पाथर्डी फाट्याचा भाडेकरार शोधा, दोघांची नावं असली तर उत्तम.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरण आहे. औद्योगिक कामगाराला तिथे मोफत वकील मिळतो, कंपनीचं ओळखपत्र न्या.

सातपूरची_ताई:
दादा, मी ती सही केलेली बाई आहे. कोणाच्या दबावाखाली नाही, स्वतःच्या मनानं. त्या दोन महिन्यांत रात्री उठून बसायचे. माझ्याही माणसानं तुझ्यासारखंच म्हटलं होतं, आणि मग त्याचा फोन आला तो थेट "माझा हक्क" म्हणून. जेवलीस का, एवढं विचारलं असतं तर कदाचित मी वेगळा विचार केला असता. कदाचित नसता केला.

वकीलसाहेब म्हणतात ते कर, पण आज तिच्या सोनोग्राफीचे, गोळ्यांचे पैसे कोण भरतंय ते सांग. मूल तिनं ठेवलं तर पोटगी तशीही तुलाच द्यायची आहे, लग्न असो नसो. आणि माफी मागायची असेल तर मुलाचा उल्लेख न करता माग.

अंबडचा_ऑपरेटर:
ताई, पैसे मावशी भरते. मला सुचलंच नाही, खरंच.

काल रात्री तिला पाच हजार पाठवले, खाली एवढंच लिहिलं की मी तेव्हा बोललो ते चुकलं. उत्तर नाही. पण पैसे परत आले नाहीत.

भाडेकरार सापडला, कपाटात एलआयसीच्या पाकिटात होता. तिची सही आहे त्यावर, माझ्या खाली. उद्या सेकंड शिफ्ट आहे, सकाळी कोर्टात जाऊन येतो.