पेंढा-लाकडापासून जेट इंधन: इथेनॉलची वाट की गॅसिफिकेशन?

तृणांकुर:
केमिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. पेंढा आणि लाकडापासून विमानाचं इंधन करणाऱ्या बायोरिफायनरीचा प्राथमिक आराखडा करतोय. वाटा दोन: साखर काढून इथेनॉल आणि त्यापासून जेट, नाहीतर गॅसिफिकेशन (कमी हवेत तापवून वायू करणं) करून सिनगॅस, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजनचं मिश्रण, आणि पुढे फिशर-ट्रॉप्श, म्हणजे उत्प्रेरकावर त्या वायूपासून द्रव इंधन. मला दुसरी पटते, कारण तिच्यात लिग्निनसकट (लाकडातला साखर न देणारा चिवट भाग) सगळं वापरलं जातं. गाइड म्हणतात, पहिली घे. प्रत्यक्ष काम केलेलं कोणी आहे का? शिवाय हे इंधन १००% का भरू देत नाहीत?

निळीवाट:
शेवटच्या प्रश्नापुरतं सांगते. एएसटीएम डी७५६६ या विमान-इंधनाच्या मानकात दोन्ही वाटांच्या इंधनाला जास्तीत जास्त ५०% मिश्रणाची मुभा आहे. या इंधनात अरोमॅटिक्स (बेंझिनसारखी कडी असलेले हायड्रोकार्बन) जवळजवळ नसतात आणि टाकीतली जुनी रबरी सीलं त्यांच्यामुळेच फुगून घट्ट बसतात. म्हणून मिश्रणात किमान ८% अरोमॅटिक्स लागतात. २८ नोव्हेंबर २०२३ ला व्हर्जिन अटलांटिकचं विमान लंडनहून न्यूयॉर्कला १००% पर्यायी इंधनावर गेलं, तेव्हा त्यात वनस्पतींच्या साखरेपासून केलेला अरोमॅटिक भाग १२% होता. तेही खास परवानगीने.

भट्टीवाला:
मी बरीच वर्षं गॅसिफायरवर काढली आहेत, म्हणून तिथूनच बोलतो. ‘सगळं वापरलं जातं’ हे वाक्य आराखड्यातून काढ. आत सगळं जातं, पण जेटमध्ये सगळं उतरत नाही.

कोरड्या लाकडाच्या वजनात ४० टक्क्यांहून जास्त ऑक्सिजन असतो. जेटमध्ये तो जवळपास शून्य हवा. पाण्याच्या रूपात घालवलास तर हायड्रोजन खर्ची पडतो, कार्बन डायऑक्साइडच्या रूपात घालवलास तर कार्बन जातो. कुठलीही प्रक्रिया निवड, हा हिशेब चुकत नाही.

इथेनॉलचं बघ. १८० ग्रॅम ग्लुकोजपासून फार तर ९२ ग्रॅम इथेनॉल, बाकी ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. इथेनॉलच्या रेणूतून पाणी काढलं की हातात ५६ ग्रॅम इथिलीन. हे आदर्श गणित, प्रत्यक्षात याहून कमीच. मग इथिलीन जोडून लांब साखळ्या करायच्या आणि त्यांना हायड्रोजन द्यायचा. साखळ्या फांद्यांच्या हव्यात, नाहीतर जेट ए-१ चा उणे ४७ अंशांचा गोठणबिंदू गाठता येणार नाही. लिग्निन इथे बॉयलरमध्ये जातं, पण वाफ आणि वीज त्यातूनच मिळते. ते वाया गेलं असं धरू नकोस.

फिशर-ट्रॉप्शच्या कोबाल्ट उत्प्रेरकाला कार्बन मोनॉक्साइडच्या साधारण दुप्पट हायड्रोजन लागतो. बायोमासच्या गॅसमध्ये तो तेवढा नसतो. मग शिफ्ट करायचं, म्हणजे वाफ घालून कार्बन मोनॉक्साइडच्या बदल्यात हायड्रोजन मिळवायचा, आणि पुन्हा कार्बन डायऑक्साइड.

पण माणसं जेरीस येतात ती त्याच्या कितीतरी आधी, कच्चा माल आत घालताना. पेंढा हलका आणि तंतुमय. हॉपरमध्ये कमान धरून बसतो, स्क्रूला गुंडाळतो. त्याच्या राखेत पोटॅशियम भरपूर, त्यामुळे ती कमी तापमानाला मऊ होते आणि गॅसिफायरच्या बेडमधले (तळाच्या गरम वाळूच्या थरातले) कण एकमेकांना चिकटतात. लाकडाच्या चिप्सवर उत्तम चाललेला बेड पेंढा सुरू केल्यावर थिजलेला मी पाहिलाय. थंड झाल्यावर आतले गठ्ठे फोडून काढावे लागले. शिवाय गॅसमधलं टार (डांबरासारखा चिकट पदार्थ) पाइपात जमतं आणि गंधक उत्प्रेरक मारतं. आराखड्यात गॅस-सफाई म्हणून एक चौकोन काढून भागणार नाही, तिथे तुझा निम्मा विचार खर्च व्हायला हवा.

तृणांकुर:
मग पेंढा इथेनॉलकडे आणि लाकूड गॅसिफायरकडे, असं दोन्ही ठेवू का?

भट्टीवाला:
एका प्रकल्पात दोन्ही नको, दोन्हींचा भांडवली खर्च अंगावर येईल. आधी माल ठरव. पेंढाच मुख्य असेल तर तुझे गाइड बरोबर आहेत. पाइनसारखं सूचिपर्णी लाकूड असेल तर त्यातली साखर सोडवणं अवघड, तिथे गॅसिफायरची बाजू भक्कम होते. बाहेरून विजेवर केलेला हायड्रोजन मिळणार असेल तर शिफ्ट कमी करता येतं आणि बराच कार्बन वाचतो. तो पर्याय वेगळा मांडून दाखव. दोन्ही वाटांत जेटबरोबर नॅफ्था (पेट्रोलसारखा हलका भाग) किंवा डिझेलही निघतं, तेही ताळेबंदात घे. आणि सगळे आकडे कोरड्या टनावर धर. ताज्या लाकडाचं निम्मं वजन पाण्याचंच असू शकतं, वाळवायची उष्णता कुठून आणणार हे परीक्षक नक्की विचारतील.