जेयुनिट ४ च्या टेस्ट ५ वर न्यायच्यात, एकदम की हळूहळू?

रात्रपाळी:
मंडळी, सल्ला हवाय. जुना जावा प्रोजेक्ट, मेव्हन (बिल्ड टूल), स्प्रिंग बूट (फ्रेमवर्क), सगळ्या टेस्ट जेयुनिट ४ (जावाची टेस्ट लायब्ररी) मधे. आता बूट अपग्रेड करायचंय तर टेस्टपण हलवाव्या लागणार. मॅनेजर म्हणतोय एका स्प्रिंटमधे उरकून टाका, पण फीचरचं काम चालूच आहे, ब्रँच लटकल्यात, मला काही ते पटत नाहीये. कोणी केलंय का? आणि जेयुनिट ६ पण आलंय ना, मग थेट तिकडेच उडी मारू का?

पॉमपुराण:
एकदम अजिबात नको. व्हिंटेज इंजिन (५ मधला जुन्या टेस्ट चालवणारा भाग) टाका, ४ च्या जुन्या टेस्ट आणि ज्युपिटरच्या (५ ची नवी पद्धत) नव्या एकाच बिल्डमधे चालतात, मग मोड्यूल-मोड्यूल करत न्या. बूट २.४ पासून व्हिंटेज स्टार्टर-टेस्टमधे (बूटचा टेस्टसाठीचा तयार गठ्ठा) येत नाही, पॉममधे (मेव्हनची डिपेंडन्सीची फाइल) आपण घालायचं. विसरलात आणि जेयुनिट ४ ची डिपेंडन्सी वेगळी पडलेली असेल तर कंपाइल सगळं नीट होतं, जुन्या टेस्ट मात्र चालतच नाहीत आणि बिल्ड हिरवंगार! म्हणून आज किती टेस्ट चालतात तो आकडा आधी लिहून ठेवा आणि प्रत्येक मर्जनंतर ताडून बघा. शुअरफायर (मेव्हनचं टेस्ट चालवणारं प्लगइन) २.२२ च्या आधीचं असेल तर पहिलं ते वाढवा.
६ ला जावा १७ लागतं, व्हिंटेजही त्यात डेप्रिकेटेड (पुढे काढून टाकायच्या यादीत) आहे. आधी ५ वर स्थिरावा.

हिरवा_टिक:
+१. बिफोरचं बिफोरईच, इग्नोरचं डिसेबल्ड ही नावांची अदलाबदल सगळी किरकोळ हो. खरी गोम असर्टमधे (टेस्टमधली तपासणीची ओळ) आहे. ४ मधे मेसेज पहिला असतो, ५ मधे शेवटी. नुसतं फाइंड-रिप्लेस करून इम्पोर्ट बदललेत आणि असर्टनॉटनलला (व्हॅल्यू नल, म्हणजे रिकामी, नाही ना ते बघणारं) मेसेज आणि तपासायची व्हॅल्यू दोन्ही स्ट्रिंग असतील तर ५ तुमचा मेसेजच तपासत बसतं, तो कशाला नल असेल, टेस्ट कायमची पास. कंपायलर चकार शब्द काढत नाही. ओपनरीराइटची (कोड आपोआप बदलणारं टूल) रेसिपी वापरा, ती मेसेज बरोबर हलवते.

रात्रपाळी:
बाप रे, आत्ताच ग्रेप मारलं (कोडमधे शोधलं), तसल्या बऱ्याच निघाल्या. आमचे स्वतः लिहिलेले रूल्स (४ मधे टेस्टच्या आधी-नंतर चालणारा कोड) आहेत, त्यांचं काय?

हिरवा_टिक:
ते हातानेच, एक्स्टेंशन (५ मधे रूलच्या जागी येणारं) लिहावं लागेल. टेम्पररीफोल्डर या तयार रूलला ५ मधे टेम्पडिर आहे. घरचे रूल्स शेवटी घ्या, तोवर व्हिंटेजवर चालू देत.