एकच तगडं कार्ड की जोडीने दोन?

धागाकर्ता:
मित्राकडे एनव्हिडियाचं आरटीएक्स 2080 हे ग्राफिक्स कार्ड आहे. तसलंच आणखी एक वापरलेलं कार्ड घेऊन एसएलआयने (दोन कार्डांकडून मिळून काम करून घेणारी एनव्हिडियाची सोय) जोडायचं त्याच्या मनात आहे. मी त्याला नको म्हणतोय. मेमरी दुप्पट होते हा पहिला गैरसमज. टेक्श्चर (खेळातल्या वस्तूंच्या पृष्ठभागांची चित्रं) दोन्ही कार्डांवर जसेच्या तसे भरावे लागतात, म्हणून 8 आणि 8 जीबी मिळून खेळाला 8 जीबीच मिळते. शिवाय 2021 पासून एनव्हिडियाने या पिढीसाठी नवी एसएलआय प्रोफाइल (एखादा खेळ दोन कार्डांवर कसा चालवायचा याच्या सेटिंग) बनवणं थांबवलंय. नव्या खेळात दुसरं कार्ड बसून राहणार. त्यापेक्षा आहे ते विकावं, भर घालावी आणि एकच तगडं घ्यावं.

प्रतिसाद 1:
असहमत. मी दोन जीटीएक्स 970 कित्येक वर्षं वापरली. प्रोफाइल असलेल्या खेळात ती त्याच पिढीतल्या वरच्या, एकट्या 980 ला आरामात मागे टाकायची. आणि डायरेक्टएक्स 12 (विंडोजवरचे खेळ ज्यातून ग्राफिक्स कार्ड वापरतात ती प्रणाली) मध्ये प्रोफाइलची गरजच नाही, खेळ बनवणाराच दोन्ही कार्डांना काम वाटून देऊ शकतो. ‘ॲशेस ऑफ द सिंग्युलॅरिटी’ या खेळात तर एएमडी आणि एनव्हिडिया अशा दोन वेगळ्या कंपन्यांची कार्डंसुद्धा एकत्र चालली!

प्रतिसाद 2:
चालली, पण किती खेळांत? ते कष्ट घेणारे स्टुडिओ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.
मूळ अडचण वेगळीच आहे. एसएलआयमध्ये सहसा एक फ्रेम (पडद्यावरचं एक चित्र) एक कार्ड काढतं, पुढची दुसरं. आजच्या खेळांतलं टीएए (कडांचा खडबडीतपणा घालवणारं तंत्र) मात्र मागच्या फ्रेमच्या माहितीवर उभं असतं. ती माहिती सारखी इकडून तिकडे पाठवावी लागते आणि जोडीचा फायदा तिथेच संपतो. शिवाय मायक्रोस्टटर. काउंटर 60 एफपीएस (सेकंदाला 60 फ्रेम) दाखवतो, पण एक फ्रेम 8 मिलिसेकंदांनी येते आणि दुसरी 25 नी. सरासरी तीच, डोळ्यांना मात्र झटके जाणवतात. मला तरी ते सहन होत नाही.

प्रतिसाद 1:
मायक्रोस्टटर मान्य. मी फ्रेमला मर्यादा घालून तो बराच कमी केला होता. 2018 च्या आधीचे खेळ खेळणाऱ्याला जोडी आजही पुरते, यावर मी ठाम आहे.

प्रतिसाद 3:
वीज कुणीच मोजली नाही. 2080 ची दोन कार्डं म्हणजे भाराखाली 430 वॅटच्या पुढे, तीही फक्त कार्डांची. वरचं कार्ड खालच्याची गरम हवा ओढतं, ते निराळंच.
दुसरं कार्ड हवंच असेल तर ‘लॉसलेस स्केलिंग’ या प्रोग्रॅमने त्याच्यावर फ्रेम जनरेशन (मधल्या जादा फ्रेम तयार करण्याचं काम) टाका. त्याला एसएलआय लागत नाही, साधं जुनं कार्डही चालतं.

धागाकर्ता:
हे मला सुचलं नव्हतं. मित्राला आधी विचारतो, तो नेमके कुठले खेळ खेळतो आणि त्याचा पीएसयू (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा भाग) किती वॅटचा आहे.