मदत हवी आहे: अमेरिकन फुटबॉलच्या गेममध्ये धावणाऱ्याचा 'कट' (पळता पळता झटक्यात दिशा बदलणं) खरा कसा वाटेल?

गोडो ४ या गेम इंजिनमध्ये अमेरिकन फुटबॉलचा छोटा थ्रीडी गेम बनवतोय, एकटाच. बॉल घेऊन पळणारा पूर्ण वेगात असतानाही जॉयस्टिक वळवली की जागच्या जागी ९० अंशांत वळायचा, जणू कॅरमची सोंगटी.

म्हणून वळण्याला वेगाची मर्यादा घातली: बाजूचं त्वरण जास्तीत जास्त ६ मी/से², म्हणजे सेकंदाला ८ मीटर वेगात वळणाची त्रिज्या साधारण १०.७ मीटर, ४ मीटर वेगात २.७. दिसायला झकास. पण हातात घेतलं की बैलगाडी! खरा रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारा खेळाडू) दोन-तीन पावलांत वेग कमी करतो, बाहेरचा म्हणजे वळण्याच्या उलट बाजूचा पाय रोवतो आणि सुटतो. तसं करायला 'ब्रेक, रोवणे, सुटणे' अशी वेगळी स्टेट (हालचालीची अवस्था) केली. आता अडचण पायाची आहे. सेकंदाला साधारण चार पावलं धरली तर तोच पाय परत जमिनीवर यायला अर्धा सेकंद लागू शकतो. तेवढं थांबलो तर टॅकल झालाच, म्हणजे समोरच्याने पकडून पाडलंच समजा. न थांबता ब्लेंड केलं, म्हणजे एक ॲनिमेशन दुसऱ्यात मिसळलं, तर पाय बर्फावरून घसरल्यासारखा दिसतो. आयके (पाऊल कुठे टेकायचं त्यावरून पायाचे सांधे वळवणारं तंत्र) लावून पाय खिळवून पाहिला, गुडघा विचित्र मोडतो.

मोशन मॅचिंग (नोंदवलेल्या हालचालींच्या साठ्यातून दर क्षणी जुळणारी निवडणं) सुचवू नका, मोकॅप डेटा (खऱ्या माणसांच्या हालचालींची नोंद) नाही. फुकटच्या ॲनिमेशन क्लिप्स आहेत. मैदानात २२ खेळाडू, साधा लॅपटॉप, त्यामुळे फिजिक्स रॅगडॉलही (सगळं शरीर भौतिकशास्त्राच्या गणितावर हलवणं) नको.

चुकीचा पाय हवेत असताना कट मागितला, तर तुम्ही काय करता: आतल्या पायावर वेगळा, कमी कोनाचा कट देता, की पावलाची क्लिपच पळवून बाहेरचा पाय लवकर खाली आणता? आणि बटण दाबल्यापासून किती मिलिसेकंद उशीर खेळणाऱ्याला खपतो?