लाइन मोडायची हौस आहे? आधी ती कुठे आहे ते दाखवा

उरलेलंफुटेज:
काल इथे कुणीतरी लिहिलं, ‘स्टुडंट फिल्ममध्ये कंटिन्युइटी (एका शॉटचं दुसऱ्याशी जुळणं) पाळत बसू नका, ते स्टुडिओवाल्यांचं जुनं खूळ. फ्रेंच दिग्दर्शक गोदारने १९६० मध्येच ‘ब्रेथलेस’मध्ये मोडीत काढलं.’ लिहिणाऱ्याचं काय जातं? निस्तरतो एडिटर.

एका शॉर्ट फिल्मचं फुटेज माझ्याकडे आलं. दोन मित्र टेबलाशी समोरासमोर बसून भांडतायत. पहिल्याचा क्लोजअप उजवीकडे बघणारा. मग ऊन सरकलं म्हणून दुसऱ्याचा क्लोजअप टेबलाच्या पलीकडे जाऊन घेतला. म्हणजे लाइन ओलांडली: दोघांमधली ती काल्पनिक रेषा, जिच्या एकाच बाजूला कॅमेरा ठेवायचा. टाइमलाइनवर ठेवला तर हाही उजवीकडेच बघतोय! भांडण राहिलं बाजूला, दोघं मिळून तिसऱ्याच कुणाची तरी वाट बघत बसल्यासारखे दिसत होते. मधे टाकायला ना दोघं एकत्र दिसणारा टू-शॉट, ना साधा ग्लासचा इन्सर्ट. शेवटी एक शॉट आरशासारखा फ्लिप केला, तर शर्टाचा खिसा उजव्या बाजूला गेला.

आणि दार उघडायचं असेल तर दोन्ही शॉटमध्ये पूर्ण उघडा हो. हात कडीला लागताच ‘कट’ ओरडलात तर मी मॅच करू कशाशी?

जंपकट:
‘कुणीतरी’ म्हणजे मी. नाव घेतलंत तरी चाललं असतं. तुमचा किस्सा ढिसाळ शूटिंगचा आहे, त्यात नियमाची थोरवी कुठे आली? जपानी दिग्दर्शक ओझूने कितीदा लाइन ओलांडली, कोण गोंधळलं? आणि एडिटर वॉल्टर मर्चचे कट कुठे करायचा याचे सहा निकष वाचा. भावनेला ५१ टक्के, गोष्टीला २३, आणि तुमच्या लाडक्या त्रिमितीय जागेला (कोण कुठे बसलंय त्याला) सगळ्यात शेवटी ४.

उरलेलंफुटेज:
चार दिलेत, शून्य नाही. ओझू ठरवून ओलांडायचा, ऊन सरकलं म्हणून नाही. आणि गोदारची ती फिल्म लांबली होती, म्हणून शॉटच्या आतून तुकडे काढावे लागले. त्याची शैली झाली, तुमची सबब झाली.

बूमधारी:
चित्रावरच भांडा. आवाज आम्ही काय हवेतून आणायचा? प्रेक्षक वाकडी आयलाइन (नजरेची दिशा) एकवेळ पोटात घालतो, पण दर कटला खोलीचा आवाज बदलला की लगेच चुळबुळतो. शूट संपल्यावर ३० सेकंद रूम टोन, म्हणजे खोलीचा नुसता आवाज, मागितला तर डायरेक्टर म्हणाला, ‘नंतर बघू.’ ते ‘नंतर’ कधी आलं नाही.

जंपकट:
नॉइज रिडक्शन नावाचा प्रकार असतो.

बूमधारी:
असतो ना. जास्त मारला की नट पत्र्याच्या डब्यातून बोलतो. त्या फिल्ममध्ये एका क्लोजअपला फ्रिज बंद, दुसऱ्याला चालू. गप्प, घूंऽऽ, गप्प, घूंऽऽ. बाप मेल्याचा सीन होता, लोक हसले. तुमचे ५१ टक्के तिथेच गेले. फ्रिज बंद केला की गाडीची किल्ली आत ठेवायची, म्हणजे चालू केल्याशिवाय घरी जाता येत नाही. आमच्यात हे पोरंसोरंही जाणतात.

तिसराटेक:
फ्रिजचा वेगळा धागा काढा की! मी सेटवर कंटिन्युइटी बघते. ग्लासातलं पाणी, बाहीची घडी, सगळ्याचे फोटो काढते. तरी लाइन क्रॉस झाली की माझ्यावरच खापर. ‘तू कंटिन्युइटीला होतीस ना?’ होते, पण कॅमेरा मी लावला नव्हता. सांगितलं तेव्हा म्हणाले, ‘एडिटमध्ये बघू.’

उरलेलंफुटेज:
‘एडिटमध्ये बघू’ म्हणणाऱ्याला एक रात्र माझ्या खुर्चीत बसवा. बाकी जंपकट, एक मान्य. अभिनय अस्सल असेल तर पाण्याची पातळी बदललेला टेकसुद्धा मी डोळे झाकून घेतो. तिथे मर्च बरोबर.

जंपकट:
उपकार झाले! बरं, पुढच्या शूटला जमिनीवर टेप लावून लाइन आखतो. निदान कुठे मोडली ते तरी दिसेल.

बूमधारी:
आणि रूम टोन?

जंपकट:
संवादच नाहीत.

बूमधारी:
मग तर जास्तच लागेल.