‘अ मर्डर इज अनाउन्स्ड’: आधी पुस्तक की आधी मालिका?

कोडंवेडा: अगाथा ख्रिस्तीची ही कादंबरी (१९५०) आणि बीबीसीची १९८५ची तीन भागांची मालिका, दोन्ही हाताशी आहेत. आधी काय घ्यावं? आयटीव्ही या ब्रिटिश वाहिनीची २००५ची आवृत्ती कशी आहे? खुनी कोण ते कृपया सांगू नका.

पानपान: आधी पुस्तक, आणि जमलं तर इंग्रजीतूनच. यातले खुन्याचा माग देणारे दोन दुवे छापील पानासाठीच रचलेत. एक शब्द दोन कागदांवर येतो, स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक. वाचताना नजर त्यावरून घसरते. पडद्यावर चिठ्ठी जवळून दाखवली की आपण सावध होतो, आणि देवनागरीत तो फरक उमटवणार कसा? दुसरा दुवा मुद्रणदोषासारखा दिसतो. आपण मनातल्या मनात दुरुस्त करून पुढे जातो.

तिसऱ्या प्रकरणाला, म्हणजे जाहिरातीत खुनासाठी दिलेल्या वेळेला (शुक्रवार २९ ऑक्टोबर, संध्याकाळी साडेसहा), कागद-पेन्सिल घेऊन बसा. दिवाणखाना दोन खोल्या जोडून केलेला आहे. दारं किती, वापरात कुठलं, दिवा आणि फुलदाणी कुठे, कोण कुठे उभं, सगळं मांडा. टॉर्चचा झोत डोळ्यांवर आलेल्या माणसाला काय दिसेल आणि काय दिसणार नाही, हे ताडून बघा. बहुतेक जण इथेच चुकतात: सगळ्यांच्या जबान्या जुळल्या म्हणजे त्या खऱ्या, असं धरून चालतात.

जुनी_टीव्हीवाली: पुस्तक आधी, मान्य. पण मालिकेला कमी लेखू नका. चिनीमातीचा तो दिवा पुस्तकात गप्पांच्या ओघात येऊन जातो. पडद्यावर समोर दिसतो. त्यातल्या जोन हिक्सनला तर मिस मार्पल, म्हणजे ख्रिस्तीची म्हातारी हौशी गुप्तहेर, म्हणून तोड नाही. मात्र पाहुण्यांच्या गप्पा कापल्या की नुकसान होतं. आलेला जवळजवळ प्रत्येक जण ‘अरे वा, सेंट्रल हीटिंग सुरू केलंत!’ म्हणतो. रेशनिंगच्या, कोळशाच्या टंचाईच्या त्या दिवसांत ते नुसतं शिष्टाचाराचं बोलणं वाटतं. नसतं.

पानपान: हीटिंगचं इतकं उघड सांगायला नको होतं 🙂

थेम्सकाठ: आयटीव्हीची २००५ची, जेराल्डीन मॅकइवान मिस मार्पल असलेली आवृत्ती दीड तासात उरकते, त्यामुळे गोष्टीतल्या गावाला वेळच मिळत नाही. शिवाय त्या मालिकेच्या भरवशावर बाकीची पुस्तकं ‘माहीत आहेत’ असं समजू नका. ‘द बॉडी इन द लायब्ररी’त त्यांनी गुन्हेगारच बदललाय, आणि ‘बाय द प्रिकिंग ऑफ माय थम्स’मध्ये मूळ कादंबरीत मिस मार्पल नाहीच.