टाय रॉड एंड बदलण्याआधी आतला सांधाही तपासावा

जुन्या सेदानचे पुढचे चाक खड्ड्यात खटखटते आणि अलाइनमेंट करूनही टायर एकाच कडेने झिजतो, या आपल्या वर्णनावरून मला टाय रॉड एंडचाच, म्हणजे स्टीअरिंगचा दांडा चाकाला जोडणाऱ्या टोकाच्या सांध्याचाच, संशय येतो. आपल्याकडे गोव्यात पावसाळ्यात तांबड्या मातीचे पाणी सांध्यावरच्या फाटलेल्या रबरी बुटातून (आवरणातून) आत शिरते, ग्रीस धुऊन जाते आणि हा गोळीचा सांधा (बॉल जॉइंट) गंजून सैल होतो. किनाऱ्यालगतची खारी हवा त्यात भर घालते.

गाडी जॅकने उचलून स्टँडवर टेकवावी आणि चाक घड्याळातील तीन व नऊच्या जागी धरून हलवावे; ते ढिले लागले तर टाय रॉडच्या सांध्यांवर संशय घ्यावा. बारा व सहाच्या दिशेनेही ते हलत असेल, तर चाकाचे बेअरिंग आणि लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) पाहावेत. दुसऱ्या कोणी चाक हलवत असताना सांध्यावर बोट ठेवल्यास झटका स्पष्ट कळतो. बाहेरचा एंड घट्ट निघाला, तरी स्टीअरिंग रॅकच्या (दांड्यांना डावीकडे-उजवीकडे सरकवणाऱ्या भागाच्या) रबरी आवरणातला टाय रॉडचा आतला सांधा अवश्य पाहावा. पुष्कळ गॅरेजांत तो पाहिलाच जात नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

नवा एंड बसवल्यावर नट सुटू नये म्हणून लावायची स्प्लिट पिन नवीन घालून टो (पुढची चाके आत-बाहेर वळलेली असण्याचे माप) पुन्हा लावून घ्यावा. तोवर चोर्ला घाटात गाडी नेऊ नये, ही कळकळीची विनंती, कारण सांधा निखळला तर ते चाक स्टीअरिंगच्या ताब्यात राहत नाही.